आमच्या घरातली चाकं

पांढरपेशांच्या घरी गाडी येते तेव्हा पेढे येतात. शेजारीपाजारी बघायला येतात, पोरं हॉर्न वाजवून बघतात. आमच्या घरात चाक कधी हौसेनं आलं नाही. संपानं सायकल आणली. पुरानं फटफटी आणली. लग्नानं हप्ता आणला. बाळंतपणानं पुन्हा सायकल आणली. आमच्या घराचा इतिहास लिहायचा तर राजांच्या नावानं लिहिता येणार नाही, चाकांच्या नावानं लिहावा लागेल. तो मी इथं मांडतोय.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमला आहे. सायडर. शिक्षण दहावीपर्यंतचं, पुढचं वाचनालयातलं. त्या वाचनालयात एका मासिकात वाचलं की युरोपातले अभ्यासक म्हणतात, माणूस प्रवास सवयीनं करतो. रोज ज्या वाहनानं जातो त्यानंच जातो, विचार करत नाही. लग्न झालं, मूल झालं, नोकरी बदलली, घर बदललं की ती सवय मोडते आणि मगच तो नवं वाहन निवडतो. वाचून मी बराच वेळ त्या पानाकडं बघत बसलो. गोष्ट खरी आहे. पण ‘निवडतो’ हा शब्द घशाखाली उतरेना. आमच्यात सवय मोडायच्या आधी घर मोडतं. मग जे हाताला लागेल त्यावर बसून माणूस कामाला जातो.

पहिल्यापासून सांगतो.

माझा आज्जा 1964 साली मुंबईला गेला. त्याच साली मार्चअखेर मुंबईची ट्राम बंद झाली. आज्जा पोचला पावसाळ्याच्या तोंडाला, त्यामुळं ट्राम त्यानं बघितली नाही. पण त्याला तिची गरजही पडली नाही. गिरणगावात गिरणी आणि चाळ यांच्यामधी पाच मिनिटांचं अंतर. भोंगा झाला की उठायचं, दुसरा भोंगा व्हायच्या आत खात्यात. अठरा वर्षं त्यानं नोकरी केली ती पायावर. बसला पैसे घातले ते चैत्यभूमीला जायला किंवा कुणी दवाखान्यात असलं तर. मालकानं कामगाराला गिरणीच्या भिंतीला टेकून ठेवला होता, भोंग्याच्या टप्प्यात. त्यात मालकाची सोय होती. पण कामगाराचा येण्याजाण्याचा खर्चही शून्य होता, हे आज मला माझ्या पगाराचा हिशेब करताना कळतं.

आज्जाही रिंगखात्यातच होता. जास्त पगाराचं विणखातं आमच्या माणसांना मिळायचं नाही. तिथं धोट्याला तोंड लावून दोरा ओढावा लागायचा आणि आमच्या उष्ट्याचा विटाळ व्हायचा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. आज्जाला 1928 माहीत नव्हतं. विणखात्याचा दरवाजा माहीत होता.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्षभर आज्जानं वाट बघितली. उसनवारी झाली, भांडी गेली. 1983 त तो ट्रंक घेऊन हातकणंगले स्टेशनवर उतरला आणि गावापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आला. ती ट्रंक अठरा वर्षांपूर्वी गेली तेव्हा जेवढी जड होती तेवढीच आली, असं आज्जी सांगायची.

गावात काम नव्हतं. काम होतं इचलकरंजीत, यंत्रमागावर, नऊ किलोमीटरवर. मुंबईत ज्याला चाक लागलं नाही त्याला गावात आल्यावर चाक लागलं. त्यानं जुनी सायकल घेतली. काळी, चोवीस इंची, मागं लोखंडी कॅरियर. नोकरी गेली म्हणून घरात वाहन आलं. शहाण्यांच्या हिशेबात हे बसतं का बघा.

आणि सायकल आली म्हणजे तिच्यावर बसता आलं असं नाही. वस्तीतून रस्त्याला लागायचं तर चावडीपुढून जावं लागायचं. तिथं कट्ट्यावर मंडळी बसलेली असायची. तिथं आज्जा सायकलवरून उतरायचा, हातात धरून पन्नास पावलं चालायचा, पुढं वळणावर परत टांग मारायचा. कुणी पाटी लावली नव्हती. कायद्यात तर नव्हतंच. पण उतरायचा. माझा बा तेव्हा अकरा वर्षांचा. तो पुढच्या दांडीवर बसलेला असायचा, त्यालाही उतरावं लागायचं. बा एकदा म्हणाला, “आबा, आपुन का उतरतो?” आज्जा म्हणाला, “चेन सैल हाय लेका.”

वर्षभर त्या सायकलची चेन सैल होती. मग बा तेरा-चौदा वर्षांचा झाला, आणि एक दिवस एकटा सायकल घेऊन निघाला. चावडीपुढून बसून गेला. घंटी वाजवत गेला. सांजेला आज्जाला बोलावणं आलं. काय बोलणं झालं ते आज्जानं कधीच सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आज्जाही उतरायचा बंद झाला. आमच्या घरात क्रांती झाली ती एवढीच, पन्नास पावलांची.

चाकाचं आणि जातीचं हे जुनं आहे. आमच्या कोल्हापूर-पुणे लाइनवर मसूर नावाचं स्टेशन आहे. 1901 साली तिथं नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर उतरले. वडिलांकडं गोरेगावला जायचं होतं. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तर गोड बोलला. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. एक गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो असा: भाडं दुप्पट द्यायचं, बैल पोरांनी हाकायचे, आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर पोरं पाण्यावाचून राहिली. पुढं 1929 साली चाळीसगावला तेच. बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीच्या कामाला आलेले, तरी टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नाही. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्यानं घेतला आणि आपल्यातलाच एक हाकायला बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

मला त्यातलं एक वाक्याचं सार कायम टोचत राहतं: भाडं दुप्पट आणि हाकायचं आपणच. पुढं माझ्या गाडीच्या हप्त्याचा कागद हातात आला तेव्हा मला मसूर आठवलं. ते पुढं येईल.

बाचं लग्न 1996 ला झालं. वरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. बा मागावर, आय रोजंदारीला शेतात. बा त्याच सायकलवर कामाला जायचा. बारा-बारा तास माग चालवून नऊ किलोमीटर परत. मी 1998 चा, बहीण 2004 ची. आम्ही दोघं त्या सायकलवर वाढलो: मी कॅरियरवर, बहीण दांडीवर टॉवेलाच्या घडीवर. आय कुठं? आय चालत. हे मी आत्ता लिहितोय, तेव्हा कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. बाजारला जाताना सायकल पुढं, आय मागं डोक्यावर बुट्टी घेऊन. कुटुंबाकडं सायकल आहे असं शिरगणतीवाला लिहून घेऊन गेला. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरांत सायकल होती, एकवीस घरांत दुचाकी. त्या पंचेचाळिसांत आम्ही होतो. पण घराकडं सायकल असणं आणि घरातल्या बाईकडं सायकल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कागदात हा रकाना नाही.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, जिथं सगळ्या गावांत असते. पाणी पहिल्यांदा आमच्यात येतं आणि शेवटी जातं. आम्ही शाळेत राहिलो. परत आलो तर एक भिंत गेलेली आणि आज्जाची सायकल गाळात. बानं ती ओढून काढली, धुतली, तेल घातलं. चाक फिरेना. भंगारवाल्यानं दोनशे ऐंशी रुपये दिले. आज्जा 2017 लाच गेला होता, बरं झालं.

त्यानंतर आम्ही वर गायरानाच्या बाजूला पत्र्याचं घर घातलं. पाण्यापासून लांब. पण त्याबरोबर यष्टीच्या थांब्यापासूनही लांब, तीन किलोमीटर. वडाप तिकडं फिरकत नाही. घर हललं आणि घरातल्या प्रत्येकाचा रस्ता बदलला. मी नुकताच गिरणीत बदलीवर लागलो होतो. तिसरी पाळी रात्री अकराला सुरू होते. त्या वेळी तीन किलोमीटर अंधारात चालून थांब्यावर गेलास तरी तिथं काय असणार? कुत्री. म्हणून 2020 च्या फेब्रुवारीत जुनी फटफटी घेतली, अठ्ठावीस हजाराला. आयच्या कानातलं गेलं. महिन्यानं लॉकडाऊन लागला. गिरणी बंद, यष्टी बंद, वडाप बंद, गाडी दारात उभी. गिरणी परत सुरू झाली तेव्हा गेटवर नोटीस: ज्याची स्वतःची यायची सोय आहे त्यानंच यावं. माझ्याबरोबरच्या चार बदली कामगारांची सोय नव्हती. त्यांच्या जागी दुसरे आले. गाडी ही चैन आहे असं म्हणणाऱ्याला मी ते चार चेहरे दाखवीन. त्या दिवशी गाडी म्हणजे हजेरीपट होता.

2021 च्या जूनमधी बाला लकवा झाला. उजवा हात गेला. हात गेला म्हणजे माग गेला. आय वाइंडिंगला लागली, इचलकरंजीत. तीन किलोमीटर चालत थांब्यावर, तिथून वडाप. जुलैत परत पूर आला. नवीन घरात पाणी आलं नाही, पण गाडी खाली मित्राच्या दारात होती. इंजिनात पाणी गेलं. सहा हजार. त्यानंतर ती गाडी म्हाताऱ्यासारखी खोकत चालायची.

आणि त्याच नोव्हेंबरात यष्टीचा संप. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या. संपकऱ्याच्या घरचा पोरगा मी, संपाला नाव ठेवणार नाही. पण बहीण बारावीला होती. तिचा कॉलेजचा पास यष्टीचा होता. वडापला जाऊन-येऊन चाळीस रुपये, आणि घरात कमावणारे दोन. बा खाटेवरून म्हणाला, “यंदा ऱ्हाऊ दे. पुढच्या साली बघू.” पुढच्या साली बघू म्हणजे काय ते आमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोरीला माहीत असतं. पुढच्या साली तिचं लग्न असतं.

आय चुलीपुढं बसली होती. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, “ती जाईल. मी रोज चालत जाईन, पर ती जाईल.” नऊ किलोमीटर चालत जाईन असं म्हणत होती ती, आठ तास उभं राहून बॉबिन भरणारी बाई.

तशी वेळ आली नाही. मी पाळी बदलून पहिली घेतली. सातला गेट. कॉलेज साडेआठला. बहीण सकाळी सव्वासहाला माझ्या मागं बसायची. गिरणीच्या गेटसमोर चहाच्या टपरीचं बाकडं आहे, तिथं ती दीड तास वाचत बसायची आणि मग पुढचे दीड किलोमीटर चालत जायची. टपरीवाल्या मावशींनी एकदाही “ऊठ” म्हटलं नाही. पाच महिने हे चाललं. एप्रिल 2022 ला यष्टी परत पूर्ण सुरू झाली तोवर परीक्षा झाली होती. ती पास झाली. त्या खोकणाऱ्या गाडीनं माझ्या घरात केलेलं हे सगळ्यात मोठं काम. कुठल्या जाहिरातीत हे नसतं.

2022 च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. पोरगी नर्सिंगचा कोर्स केलेली, माझ्यापेक्षा शिकलेली. सोयरीक जमताना तिच्या मामानं दोन प्रश्न विचारले. “पोरगा दारू पितो का?” आणि “दारात गाडी हाय का?” सासरे म्हणाले, गाडी आम्ही देतो. मी नको म्हटलं. नोंदणी पद्धतीनं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं लग्न करायचं आणि मागल्या दारानं हुंडा घ्यायचा हे जमणार नाही. पण जुनी गाडी तर मेलेली. म्हणून हप्त्यावर नवी घेतली. शोरूममधी पोरानं नारळ पुढं केला. म्हटलं, “आमच्यात फोडत नाहीत.” तो क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत राहिला. चेहऱ्यात तेवढाच बदल झाला, जेवढा 1901 साली मसूरच्या स्टेशनमास्तरच्या झाला असेल. मग हसून म्हणाला, “चालतंय की दादा.” काळ बदलला आहे. आता चेहरा लवकर जाग्यावर येतो.

हिशेब ऐका. कर्ज पासष्ट हजार. हप्ता दोन हजार आठशे पन्नास, तीस महिने. म्हणजे पंच्याऐंशी हजार पाचशे. ज्याच्याकडं रोख आहे त्याला तीच गाडी वीस हजारांनी स्वस्त. भाडं दुप्पट नाही, पण जात तीच. माझा रोज साडेचारशे, भरलेला महिना अकरा हजार सातशे. हप्ता आणि पेट्रोल मिळून पावणेचार हजार. म्हणजे दर तीन रुपयांतला एक रुपया कामावर जाण्यासाठी. आज्जा मुंबईत पाच मिनिटं चालत जायचा. गिरणी शहरातून गावाकडं आली, स्वस्त जमिनीवर आली, स्वस्त माणसावर आली, आणि गिरणी व माणूस यांच्यामधलं अंतर माणसाच्या खिशावर टाकून मोकळी झाली.

मार्च 2023 पासून यष्टीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आयनं त्या दिवसापासून वडाप सोडलं. वडापला वीस, यष्टीला दहा. यष्टी वेळेवर नसते, कधी कधी ती तासभर थांब्यावर बसते. मी म्हटलं, “आय, दहा रुपयांसाठी तास घालवतीस?” ती म्हणाली, “माझा तास कोण इकत घेतंय?” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. एक मात्र बघितलं. तिकीट अर्धं झाल्यावर वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका पहिल्यांदाच कामाशिवाय घराबाहेर पडल्या. लेकीकडं गेल्या, दवाखान्यात गेल्या. एका कागदानं एवढं होतं, तर वेळेवर गाड्या सोडल्या तर काय होईल?

डिसेंबर 2023. माझी तिसरी पाळी. रात्री दीडला बायकोला कळा सुरू झाल्या. घरात चार माणसं आणि वाहन शून्य, कारण घराचं वाहन माझ्याबरोबर गिरणीच्या शेडमधी उभं. माझा मोबाइल गेटवर जमा, खात्यात नेता येत नाही. बहिणीनं 108 ला फोन केला. गायरानाच्या कच्च्या वाटेनं रुग्णवाहिका येईना म्हणून आय आणि बहीण तिला दोन्ही बाजूंनी धरून डांबरीपर्यंत घेऊन गेल्या. बा एका हातात बॅटरी धरून पुढं. साडेतीनला पोरगी झाली. मला सातला गेटवर कळलं.

दोघी सुखरूप. पण बायको घरी आल्यावर पाचव्या दिवशी शांतपणे म्हणाली, “अवो, ती गाडी घराची हाय का तुमच्या हजेरीची?”

ती रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून तो प्रश्न घरात पाहुण्यासारखा बसून होता. पोरगी सहा महिन्यांची झाल्यावर तिला एका खासगी दवाखान्यात काम मिळत होतं, साडेआठ हजारावर. सात किलोमीटर, सुटायची वेळ रात्री आठ. आठला वडाप नसतं. गेली पाच-सहा वर्षं माझ्या घरात हे सूत्र होतं की कमावत्या पुरुषाला वाहन, बाकीच्यांना पाय. आता दोन कमावते झाले, आणि त्यातल्या एकीच्या वाटेवर रात्र होती. सहा महिने बहीण तिला शेजारच्या पोराच्या स्कुटीवर आणायला जायची. माझा शेवटचा हप्ता नोव्हेंबर 2024 ला फिटला. डिसेंबरात मी गाडी दिली आणि बदल्यात बिनगेरची जुनी स्कुटी घेतली, वर उरलेल्या पैशात बाची औषधं आणि एक सायकल. सायकल बाविसशेला, आठवडी बाजारात. स्कुटी बायकोच्या नावावर. लायसनही तिनं काढलं.

आता मी सायकलवर जातो. नऊ किलोमीटर, चाळीस मिनिटं. तिसऱ्या पाळीला त्रास होतो, मांड्या भरून येतात, कापसाचा फुफाटा छातीत घेऊन चढ चढताना श्वास कमी पडतो. सायकल आरोग्याला चांगली असं कुणी सांगितलं तर त्याला आधी आठ तास रिंगफ्रेमच्या सायडीवर पळवावं, मग सायकल द्यावी.

गिरणीत चेष्टा सुरू आहे. “बायकू गाडीवर आन् नवरा सायकलीवर!” आपल्यातलीच पोरं जास्त हसतात. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘जय भीम’ लिहिणारी, 14 एप्रिलला झेंडा लावून रॅलीत पुढं असणारी. त्यांना मी म्हणतो, तुझी बायको झेंड्याच्या गाडीमागं चालत येते, ते आधी बघ. चावडीपुढं सायकलवरून उतरवणारे आपल्याला माहीत आहेत. घरात कुणी कुणाला उतरवलं ते बोलायला मात्र आपली जीभ जड होते.

आय अजून थांब्यापर्यंत चालतच जाते. सून सकाळी मोकळी असली तर सोडते, नसली तर पाय. वय त्रेपन्न. परवा सुनेनं विचारलं, “आत्ती, शिकवू का स्कुटी?” आय हसली. “पडले तर कामावर कोण जाईल?” म्हणाली. नाही म्हणाली नाही.

तर दोस्तहो, हा आमच्या घराचा हिशेब. तुम्हीही आपापल्या घराचा मांडा. कुठलं चाक कुठल्या प्रसंगानं आलं, कशाच्या बदल्यात आलं, कुणाच्या कानातलं विकून आलं, आणि ते आल्यावरही घरात चालत कोण राहिलं. शेवटचा रकाना मोकळा सोडू नका. लिहा आणि पाठवा.